शहराची सही: नगर प्रशासनाचं ब्रँडिंग कसं चालतं

दारात एक कागद येऊन पडतो. उद्यापासून तीन दिवस नळाचं पाणी उकळून प्या, असं त्यावर छापलेलं असतं. वाचणारा आधी पाण्याचा विचार करत नाही. हा कागद कुणी टाकला, ते बघतो. कोपऱ्यातलं चिन्ह रोजच्या ओळखीचं असेल, अक्षरांचं वळण नेहमीचं असेल, विभागाचं नाव आणि दूरध्वनी क्रमांक नेहमीच्या जागी असेल, तर तो पाणी उकळायला ठेवतो. तसं नसेल तर शेजाऱ्याला विचारतो, शेजारी आणखी कुणाला विचारतो, आणि तोवर घरातलं लहान मूल तेच पाणी पिऊन खेळायला पळालेलं असतं.

नगर प्रशासनाचं ब्रँडिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतात पर्यटनाच्या जाहिराती, घोषवाक्यं आणि नव्या बोधचिन्हावरून झालेले वाद. माझ्या मते हे या कामाचं सगळ्यात लहान अंग आहे. मोठं अंग म्हणजे वरचा कागद. कराचं पत्र, रस्ता बंद असल्याचा फलक, लसीकरणाचं वेळापत्रक, जन्मदाखला, बागेच्या फाटकावरचे नियम, कचरागाडीच्या दारावरचं नाव, ही सगळी शहराची सही आहे. सही प्रत्येक ठिकाणी सारखी उमटायला हवी, तिची नक्कल सहज करता येता कामा नये, आणि ती शहराच्या नावाने व्हायला हवी, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नावाने नव्हे. हे वाचायला सोपं आहे. हजारो कर्मचारी, डझनावारी विभाग आणि दर काही वर्षांनी बदलणारे पदाधिकारी असताना ते टिकवून धरणं अवघड आहे.

मुद्रा वेगळी, बोधचिन्ह वेगळं

बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. शहराकडे साधारण चार प्रकारची चिन्हं असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं असतं.

मुद्रा म्हणजे अधिकृत शिक्का. ठराव, दाखले, करारनामे यांच्यावर तो उठतो. त्यात बारीक नक्षी असते, कडेने गोल फिरणारी अक्षरं असतात, कधी जुन्या भाषेतलं वाक्य असतं. तो अंगठ्याएवढा छापला की काहीच वाचता येत नाही, पण त्याचं काम कायदेशीर असल्याने ते चालतं. बोधचिन्ह रोजच्या वापराचं असतं: सोपं, लांबून ओळखू येणारं, एका रंगातही उभं राहणारं. मोहिमेचं चिन्ह एखाद्या महोत्सवासाठी किंवा अभियानासाठी असतं, आणि ते काढतानाच त्याची शेवटची तारीख ठरवून ठेवावी लागते. चौथा ध्वज. तो प्रशासनाचा कमी आणि लोकांचा जास्त असतो.

ही सरमिसळ कुठवर जाते याचं उदाहरण अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो शहराने दिलं. तिथे प्रचारमोहिमेचं चिन्ह, त्यातल्या 'पोकाटेलोचा अभिमान' अशा घोषवाक्यासकट, थेट झेंड्यावर चढवलं गेलं होतं. २००४ साली उत्तर अमेरिकेतल्या ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने १५० शहरांच्या झेंड्यांबद्दल मत घेतलं, तेव्हा हा झेंडा शेवटच्या क्रमांकावर आला. २०१७ मध्ये शहराने नवा झेंडा स्वीकारला. जाहिरातीचं वाक्य चार-दोन वर्षांत शिळं होतं. झेंडा पिढ्यान्‌पिढ्या फडकायचा असतो.

याच्या उलट पॅरिसचं. सीन नदीवरून मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघाच्या मुद्रेवर १२१० च्या सुमारास नाव, म्हणजे होडी, आली. ती नाव शहराच्या मानचिन्हात, म्हणजे ढालीवरच्या पारंपरिक चिन्हात, उतरली आणि आजच्या बोधचिन्हातही आहे. सोबतचं लॅटिन बोधवाक्य १८५३ मध्ये अधिकृत झालं. त्याचा अर्थ असा, की ही नाव हेलकावे खाते पण बुडत नाही. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी शहरावर दहशतवादी हल्ले झाले आणि पुढच्या काही दिवसांत हेच वाक्य भिंतींवर रंगवलं गेलं, आयफेल मनोऱ्यावर प्रकाशाने उमटवलं गेलं. कुठल्याही जाहिरात संस्थेने ती मोहीम आखली नव्हती. इतकी वर्षं एकच चिन्ह नेटाने वापरलेलं असलं, की संकटात लोक आपणहून त्याच्याखाली गोळा होतात. मला या विषयातली ही सगळ्यात मोलाची घटना वाटते, कारण असं काही विकत आणता येत नाही.

मोहिमेचं चिन्ह आणि प्रशासनाचं चिन्ह यांतला फरक जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणातही लोकांच्या लक्षात येत नाही. 'आय' हे अक्षर, लाल बदाम आणि त्यापुढे न्यू यॉर्कची दोन आद्याक्षरं असं मिल्टन ग्लेझर यांनी १९७७ मध्ये काढलेलं चिन्ह शहर प्रशासनाचं आहे असं बहुतेकांना वाटतं. ते आहे न्यू यॉर्क राज्याच्या पर्यटन मोहिमेचं, आणि त्याचे हक्कही राज्याकडे आहेत. ग्लेझर यांनी त्याचं मानधन घेतलं नव्हतं. ते चिन्ह टीशर्टवर शोभतं, पण पाणीपट्टीच्या बिलावर ते आलं तर बिल खरं की खोटं असाच प्रश्न पडेल.

ॲम्स्टरडॅमने हे दोन डबे फार नीट वेगळे ठेवले. तिथल्या प्रशासनाचं चिन्ह म्हणजे शहराच्या मानचिन्हातल्या तीन लाल फुल्या, एकाखाली एक. पर्यटकांसाठी २००४ मध्ये वेगळी मोहीम निघाली. शहराच्या नावाआधी इंग्रजी 'आय' लावलं की नावाच्या पहिल्या दोन अक्षरांसोबत 'मी आहे' असा अर्थ निघेल अशी तिची रचना होती, आणि तिची दोन मीटर उंच अक्षरं राष्ट्रीय संग्रहालयासमोर उभी राहिली. लोक त्यांच्यावर चढून फोटो काढू लागले, गर्दी वाढत गेली, आणि ही अक्षरं बेसुमार पर्यटनाचं प्रतीक झाली आहेत असं नगर परिषदेतच म्हटलं जाऊ लागलं. डिसेंबर २०१८ मध्ये ती तिथून हलवली गेली. फुल्यांना मात्र काही झालं नाही. कराची पत्रं, फलक, गणवेश जसेच्या तसे राहिले. मोहिमेचं चिन्हच प्रशासनाचं चिन्ह असतं, तर सगळं शहर पुन्हा रंगवायची वेळ आली असती.

मुद्रेच्या संरक्षणाचं एक कायदेशीर वळणही सांगतो. अमेरिकेच्या ट्रेडमार्क कायद्यात शहरांची मानचिन्हं, मुद्रा अशा अधिकृत चिन्हांची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करायला मनाई आहे. व्यापाऱ्यांनी सरकारी शिक्का आपल्या मालावर लावू नये हा त्यामागचा विचार. ह्यूस्टन शहराने स्वतःच्याच मुद्रेची नोंदणी मागितली, तेव्हा २०१३ मध्ये संघराज्य अपील न्यायालयाने सांगितलं की बंदी सगळ्यांना लागू आहे, खुद्द शहरालाही. म्हणून मुद्रेच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी स्थानिक नियम करावे लागतात, आणि बोधचिन्हाचे हक्क करारात स्पष्ट लिहून घ्यावे लागतात. डिझायनरला पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप शहराकडे आले, अशी समजूत करून घेणं महागात पडतं.

प्रत्येक विभागाला आपलं चिन्ह का हवं असतं?

प्रत्येक विभागाला आपल्या कामाचा अभिमान असतो, त्यामुळे. उद्यान विभाग पानाचं चिन्ह काढतो, पाणीपुरवठा थेंबाचं, वाचनालय उघड्या पुस्तकाचं. एकेक चिन्ह सुंदर असतं, काढणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण रस्त्यावरच्या माणसाला हे सगळं एकाच घराचं आहे हे कळत नाही. ऑस्लो शहराने २०१९ मध्ये नवी ओळख आणली, तेव्हा तिथल्या विभागांची आणि संस्थांची दोनशेहून जास्त चिन्हं वापरात होती. त्यांच्या जागी एक चिन्ह, एक रंगसंगती आणि शहराचा स्वतःचा फॉन्ट आला.

याला सोपं उत्तर आहे: चिन्ह एक, त्याच्याशेजारी विभागाचं नाव साध्या अक्षरांत. अडचण आहे ती अंमलबजावणीत. चिन्ह काढून घेतलं की लोकांना आपलं काम पुसल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं समजून घ्यायला हवं. पोर्तुगालच्या पोर्तो शहराने २०१४ मध्ये एक चांगली वाट काढली. शहराचं नाव आणि त्यापुढे पूर्णविराम एवढंच मुख्य चिन्ह. सोबत तिथल्या भिंतींवरच्या निळ्या फरशांच्या धर्तीवर रेखलेल्या, एकमेकींना जोडता येणाऱ्या सत्तरहून अधिक आकृती. पूल, ट्राम, चर्च, नदी. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, पण रेषेची जाडी आणि निळा रंग तोच. विभागांना बोलायला स्वतःचे शब्द मिळाले आणि भाषा एकच राहिली.

काही संस्थांना वेगळं चिन्ह असू द्यावं, हेही मान्य करायला हवं. ज्याला स्वतंत्र कायदा, स्वतंत्र मंडळ किंवा तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे, असं संग्रहालय किंवा परिवहन उपक्रम त्यात येतात. बाकीच्यांनी वेगळेपण मागितलं, तर नागरिकाला त्याचा काय उपयोग, एवढंच विचारावं.

मार्गदर्शिका आणि फायलींचा संसार

बोधचिन्ह बिघडवायचं कुणाच्याही मनात नसतं. कार्यक्रम उद्यावर आलेला असतो, फलक छापणारा चिन्ह मागतो, कार्यालयातलं कुणीतरी संकेतस्थळावरून छोटंसं चित्र उतरवून मोबाइलवरून पाठवून देतं. पडद्यावर ठीक दिसणारं ते चित्र मोठ्या फलकावर चौकोनी ठिपक्यांचं होतं. मग छापणारा ते स्वतःच गिरवून घेतो. पुढच्या वेळी हीच गिरवलेली फाइल फिरत राहते, तिच्यावरून कुणी आणखी एक काढतं, आणि पाच वर्षांत मूळ चिन्हाला आठ-दहा भावंडं होतात. एकाचा निळा जांभळट, एकाचं अक्षर जाड, एक आडवं ताणलेलं.

यावर दटावणीची परिपत्रकं काढून काही होत नाही. बरोबर फाइल मिळणं चुकीच्या फाइलपेक्षा सोपं करावं लागतं. एकच पत्ता, जिथे पासवर्डशिवाय मूळ फायली मिळतील. व्हेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितावर साठवलेली, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. रंगीत, फक्त काळी आणि गडद पार्श्वभूमीवरची पांढरी, अशा तीन आवृत्त्या. पत्र, सूचना, फलक आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रासाठी तयार टेम्प्लेट. मार्गदर्शिका दोनशे पानांची असली तर ती कपाटात राहते. पहिली चार पानं भिंतीवर लावण्याजोगी असली, तर ती वापरली जाते.

रंगाबद्दल थोडं खोलात जाऊ. पडद्यावर रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून तयार होतो. कागदावर चार शायांच्या मिश्रणातून. त्यामुळे 'आपला निळा' हा एक रंग नसतो. पडद्यासाठी त्याचा एक आकडा, चाररंगी छपाईसाठी दुसरा, तयार मिसळलेल्या शाईसाठी तिसरा, आणि लोखंडी फलकाच्या रंगासाठी चौथा लागतो. हे आकडे मार्गदर्शिकेत नसले की प्रत्येक छापखाना नजरेने रंग जुळवतो. शिवाय अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ ला १ असावा असं म्हटलं आहे. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं तरुण डिझायनरच्या मोठ्या पडद्यावर छान दिसतात. उन्हात उभ्या असलेल्या सत्तरीतल्या बाईंना ती दिसत नाहीत. त्या बाई या शहराच्या नागरिक आहेत आणि फलक त्यांच्यासाठी आहे.

फॉन्टचं दुखणं वेगळं. विकतच्या फॉन्टचा परवाना ठरावीक संगणकांपुरता असतो. मुख्य कार्यालयात तो असतो, वॉर्डातल्या कार्यालयात नसतो, कंत्राटदाराकडे तर नसतोच. मग संगणक जो हाताशी असेल तो फॉन्ट लावून मोकळा होतो. शिकागोने २०१९ मध्ये आपली डिझाइन-प्रणाली जाहीर केली, तेव्हा 'बिग शोल्डर्स' हा फॉन्ट कुणालाही विनामूल्य वापरता येईल असा दिला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. आणि शहर एकाहून अधिक भाषांत बोलत असेल, तर दुसरी भाषा शेवटच्या दिवशी कोपऱ्यात कोंबायची नसते. हेलसिंकीत फिनिश आणि स्वीडिश दोन्ही अधिकृत भाषा आहेत. २०१७ मध्ये आलेल्या तिथल्या चिन्हात मानचिन्हाच्या आकाराची चौकट आहे आणि आत शहराचं नाव वेगवेगळ्या भाषांत लिहिता येतं. ज्या लिपीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येतात, तिला दोन ओळींत जास्त जागा लागते. रोमन अक्षरांच्या मापाने टेम्प्लेट आखलं की मात्रा छाटल्या जातात.

एका पत्रकाचा प्रवास

विभागाकडून मागणी येते: 'एक पत्रक करायचं आहे.' इथे पहिला प्रश्न एकच विचारायचा, हे वाचून माणसाने काय करायचं आहे? अर्ज भरायचा, तारीख लक्षात ठेवायची, गाडी दुसरीकडे लावायची? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर पत्रक अजून तयार नाही. उत्तर आलं, तर तेच वाक्य पत्रकावर सगळ्यात मोठं असायला हवं. बहुतेक पत्रकांत वरचा तिसरा हिस्सा नावांनी, पदांनी आणि चिन्हांनी भरलेला असतो, आणि शेवटची तारीख तळाशी बारीक अक्षरांत असते. हा उलटा क्रम पाहिला की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यामुळे कुणाचातरी अर्ज हुकतो.

मंजुरी दोघांची पुरते. माहिती बरोबर आहे याची जबाबदारी विभागाची, मांडणी आणि भाषा नीट आहे याची जनसंपर्काची. तिसरा, चौथा, पाचवा माणूस आला की प्रत्येक जण एकेक ओळ वाढवतो, कमी कुणीच करत नाही. छपाईला जाण्याआधी कुणीतरी पत्रकावरचा क्रमांक प्रत्यक्ष फिरवून बघावा आणि संकेतस्थळाचा पत्ता टाइप करून बघावा. वीस हजार प्रती निघाल्यावर चुकलेला एक आकडा चिकटपट्ट्या लावून दुरुस्त करत बसणं हे सगळ्या कार्यालयाचे दोन दिवस खातं.

छायाचित्रांतल्या माणसांची, विशेषतः मुलांची, लेखी संमती हवी. समाजमाध्यमांवर पत्रकाचं नुसतं चित्र टाकलं तर दृष्टिहीन माणसाच्या फोनला ते वाचून दाखवता येत नाही. तोच मजकूर सोबत शब्दांत द्यावा.

आणि मग सगळे विसरतात ती पायरी: उतरवणं. संपलेल्या शिबिराचं पोस्टर सहा महिने भिंतीवर राहिलं की शेजारचं ताजं पोस्टरही कुणी वाचत नाही. तळाशी छोट्या अक्षरांत विभागाचं नाव, छापल्याची तारीख आणि 'अमुक तारखेपर्यंत' असं असावं. लावणाऱ्याच्या कामातच काढणं धरलेलं असावं.

शहर बोलतं की सत्ताधारी?

करदात्यांच्या पैशातून छापलेला कागद कुणाची जाहिरात करतो, हा प्रश्न सगळीकडे आहे आणि त्यावर नियमही आहेत. इंग्लंडमध्ये २०११ च्या संहितेनुसार स्थानिक प्रशासनाची प्रसिद्धी कायदेशीर, किफायतशीर, वस्तुनिष्ठ आणि समतोल असावी, निवडणुकीसारख्या नाजूक काळात विशेष काळजी घ्यावी, आणि मोठ्या परिषदांनी आपली वार्तापत्रं तिमाहीपेक्षा अधिक वेळा काढू नयेत, असं सांगितलं आहे. शेवटची अट स्थानिक वर्तमानपत्रांना सरकारी कागदाशी स्पर्धा करावी लागू नये म्हणून आली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींसाठी तत्त्वं घालून दिली. जाहिरात पक्षनिरपेक्ष असावी आणि छायाचित्रं फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांची असावीत, असं त्यात होतं. मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या छायाचित्रांनाही मुभा मिळाली.

नियम कुठलाही असो, ब्रँड सांभाळणाऱ्याला रोज यातूनच वाट काढावी लागते. महापौरांचं निवेदन असेल तर त्यांचं नाव हवंच, ते निवेदन त्यांचं आहे. पण बाकावर, कचरापेटीवर, रुग्णवाहिकेवर नाव घातलं, की पुढच्या निवडणुकीनंतर ते सगळं पुन्हा रंगवावं लागतं. पदाधिकाऱ्यांना 'नाही' म्हणणं कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या अंगावर टाकू नये. कुठे नाव येईल आणि कुठे येणार नाही, हे सभागृहात आधीच मंजूर करून घेतलं, की कर्मचारी त्या ठरावाकडे बोट दाखवू शकतो.

प्रायोजकांचंही तसंच. त्यांचं चिन्ह किती मोठं, शहराच्या चिन्हापासून किती लांब, आणि कुठल्या कागदांवर अजिबात नाही, हे पैसे घेण्याआधी लिहून ठेवावं.

खोट्या कागदांचा धोका आता जास्त आहे. चिन्हाचं चित्र कुणीही उचलून दंडाची बनावट नोटीस पाठवू शकतो. म्हणून नुसत्या चिन्हावर भिस्त न ठेवता पत्ताही एकच ठेवावा: राखीव सरकारी डोमेन (संकेतस्थळाच्या आणि ईमेलच्या पत्त्यातलं ठरलेलं नाव), तेच प्रत्येक ईमेलवर, तेच प्रत्येक पत्रकावर. अमेरिकेत अशी डोमेन एप्रिल २०२१ पासून शहरांना मोफत मिळतात. विभागाने सोयीसाठी बाहेरचा मोफत ईमेल वापरला, तर तो नागरिकांना फसवणूक करणाऱ्यांवर विश्वास ठेवायला शिकवत असतो.

बदलायचं असेल तर

मेलबर्नने २००९ मध्ये नवं 'एम' चिन्ह आणलं, तेव्हा सुमारे २ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या खर्चावर सडकून टीका झाली. चिन्ह मात्र टिकलं. टीका करणारे आखणीचा खर्च मोजतात, आणि तो विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण गाड्या, गणवेश, फलक, बिलं, इमारतींवरच्या पाट्या बदलायचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. तो वाचवायचा तर पडद्यावरच्या गोष्टी पहिल्या दिवशी बदलाव्यात, कागद संपेल तसा बदलावा, गाडीला पुढच्यांदा रंग लागेल तेव्हा नवं चिन्ह लावावं. काही वर्षं जुनं-नवं एकत्र दिसेल. ते लोकांना आधीच सांगून ठेवावं.

पण त्याहीआधी मोजदाद. प्रत्येक विभागाकडून एका आठवड्यात बाहेर गेलेला एकेक कागद आणि प्रत्येक फलकाचा एकेक फोटो मागवावा आणि ते सगळं एका लांब भिंतीवर चिकटवावं. प्रत्येकाखाली चार रकाने: कुणी काढायला सांगितलं, फाइल कुठून आली, कुणी तपासलं, कधी उतरवायचं. विभागप्रमुखांना तिथे बोलावून आपापले रकाने भरायला द्यावेत. जे रिकामे राहतील, त्यांच्यापासून मार्गदर्शिका लिहायला घ्यावी.